खुर्चीत कोण होतं

८ जानेवारी

मास्तरीणबाई,

अक्षर बघून दचकू नकोस, शुद्धीत आहे मी. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय आणि तो काही भरून येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कडेकडेनं दिसतं, मधे नुसता धुक्याचा गोळा. म्हणून खोक्यांवर नाव टाकायच्या जाड पेनानं लिहितोय. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत केसाएवढ्या रेघा ओढून नळांचे नकाशे काढले, आणि आता एका पानावर सहा ओळी मावतात. हसलीस तरी चालेल. तुझी ताई असती तर पहिली तीच हसली असती.

आता कामाचं. तू संध्याकाळच्या कॉलेजात त्या जुन्या तत्त्ववेत्त्यांचं शिकवतेस. आमच्याकडे राहून परीक्षा दिलीस तेव्हा जेवताना ते घोकायचीस आणि मी विचारायचो, हे लोक पगार कशाचा घेत होते? तर आता माझंच त्यांच्याकडे काम निघालंय. समोर एखादी वस्तू आहे, म्हणजे खरोखरीच आहे, हे ओळखायचं कसं, याबद्दल त्यांनी काही उपयोगाचं लिहून ठेवलंय का? पुस्तकी नको सांगूस. गळती कुठे आहे असं विचारल्यावर आमचा फिटर जसं सांगायचा, तसं सांग.

विचारणारा मी नाही. बागेत एक ओळखीचे गृहस्थ भेटतात, त्यांना हा प्रश्न पडलाय.

बाकी ठीक. चिरंजीव आणि सूनबाई सकाळी कामाला जातात ते संध्याकाळी येतात. थोरलीची, म्हणजे आमच्या लेकीची, काही खबर तुझ्याकडे असेल तर मला कळवू नकोस. ती बरी आहे ना, एवढंच कळव.

भावजी


१९ जानेवारी

भावजी,

तुमच्या जाड पेनाला माझंही जाड पेन. उगाच भिंग लावून डोळे शिणवू नका.

तुमचे बागेतले गृहस्थ मला फार आवडले. माझ्या वर्गातल्या एकालाही हा प्रश्न आपणहून पडलेला नाही. त्यांना परीक्षेत काय येणार तेवढंच हवं असतं.

गृहस्थांना सांगा, तीन-चारशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांना या प्रश्नानं छळलं होतं. एक जण मेणाचा तुकडा घेऊन शेकोटीशी बसला. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण. थोडा मधाचा वास, थोडी गोडी, हाताला घट्ट आणि गार, टिचकी मारली की आवाज. मग ते त्यानं विस्तवाजवळ नेलं. वास गेला, रंग गेला, आकार गेला, बोट लावलं तर चटका. नाकानं, डोळ्यांनी, बोटांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं पालटलं, तरी आपण म्हणतोच ना, हे तेच मेण? मग 'तेच' म्हणजे कोणतं? तो म्हणाला, जागा व्यापणारं, आकार बदलू शकणारं असं काहीतरी, आणि ते डोळ्याला नाही, बुद्धीला कळतं. हाच माणूस खिडकीतून रस्त्याकडे बघून म्हणाला होता की मला दिसतात ते नुसते कोट आणि टोप्या. आत माणसं आहेत हे मी ठरवतो.

दुसरा शिकून डॉक्टर झालेला. तो म्हणाला, आकार, हालचाल, भरीवपणा हे वस्तूच्या अंगचं. रंग, वास, ऊब हे मात्र वस्तूत तसं नसतं, तिच्यामुळे आपल्यात उमटतं. एक हात गार पाण्यात ठेवा, दुसरा कढत पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात घाला. तेच पाणी एका हाताला गरम, दुसऱ्याला गार. मग ऊब पाण्यात होती की हातात?

त्यानंतर आला एक पाद्री. त्यानं डॉक्टरच्याच वस्तऱ्यानं डॉक्टरची दाढी केली. म्हणाला, रंग जर मनात, तर आकार तरी बाहेर कशावरून? मनोरा लांबून बोटाएवढा दिसतो, जवळून मान मोडेस्तोवर. कोणाला जाणवल्याशिवाय वस्तू म्हणून वेगळं काही नसतंच. मग कुलूपबंद खोलीतल्या टेबलाचं काय? तर ते देव बघतोय.

मी स्वतः आधी डॉक्टरच्या बाजूची होते, आता वय वाढलं तशी मेणवाल्याकडे सरकतेय. गृहस्थांचा कौल कुणाला ते नक्की कळवा. मजा आली बघा.

थोरली बरी आहे.

तुमची धाकटी मेहुणी


३० जानेवारी

मास्तरीणबाई,

पत्र दोनदा वाचलं. मेण छान आहे. पाद्री जरा जास्तच शहाणा वाटतो. पण यातून गृहस्थांचं भागत नाही.

त्यांची अडचण अशी, की समोर पांढरी भिंत असते आणि तिच्यावर विटांची जाळी दिसायला लागते. एकेक वीट मोजावी इतकी स्वच्छ. मग ती जाते. मग कधी दारापाशी दोन माणसं उभी असतात, उंच टोप्या घातलेली, कोटाला पितळेची बटणं. बोलत नाहीत, यांच्याकडे बघतही नाहीत. जणू बसची वाट बघतायत. एकदा टेबलावर वीतभर उंचीच्या बायका रांगेनं चालल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात टोपली. डोळे मिटले की जातात. तुझा मेणवाला टोपीखाली माणूस आहे की नाही याचा घोळ घालत बसला. इथे टोपीच आहे की नाही याची पंचाईत.

जाऊ दे. गृहस्थ वगैरे कोणी नाही. मी गेल्या पावसाळ्यानंतर बागेत गेलेलोच नाही.

आधी वाटलं, चष्मा बदलायला झालाय. मग एका दुपारी खुर्चीत एक म्हातारा येऊन बसला. मला वाटलं, दार उघडं होतं, कोणी चुकून वर आला असेल. आमचं दार दुपारी नुसतं ओढून घेतलेलं असतं, कारण कडी मला सापडत नाही. मी त्याला म्हटलं, ''कोण हवंय आपल्याला?'' काही बोलेना. ''अहो, ऐकू येतं ना?'' असं दोनतीनदा विचारलं आणि मागून चिरंजीव म्हणाले, ''बाबा, कुणाशी बोलताय?'' लवकर घरी आले होते. म्हणालो, ''रेडिओशी.'' रेडिओ बंद होता.

त्या दिवसापासून मी यांच्यापैकी कुणाशीही बोलत नाही. काहीही दिसो, तोंड बंद. परवा स्वयंपाकघरात नवराबायकोची कुजबुज ऐकली. मला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंय. मला वेड लागतंय का गं? जेवतो व्यवस्थित, वर्तमानपत्र सूनबाई वाचून दाखवते ते सगळं ध्यानात राहतं. आकडेमोड चोख आहे. पण वेड लागलेल्याला कळतं थोडंच.

चिरंजीवांना किंवा थोरलीला यातलं अक्षर कळवू नकोस. तुझ्या ताईची आण.

भावजी

ता. क. तुझी ताई मात्र एकदाही आली नाही. कोण कुठले टोपीवाले येतात, ती नाही.


४ फेब्रुवारी

भावजी,

आधी माझ्या मूर्खपणाबद्दल चार शब्द. तुम्ही हाक मारत होतात आणि मी तुम्हाला मेणाच्या गोष्टी सांगत बसले. ''मजा आली'' असंही लिहिलं. ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

आता नीट ऐका. तुम्हाला वेड लागलेलं नाही.

तुमचं पत्र घेऊन मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाव सांगितलं नाही. अर्धं पान वाचून त्यांनी मलाच विचारलं, ''पडद्याचा मधला भाग गेलाय का यांचा?'' म्हणाल्या, असे रुग्ण पुष्कळ आहेत, पण वेडे ठरू या भीतीनं बहुतेक जण बोलत नाहीत. डोळ्याकडून मेंदूला खबर यायची थांबली की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. जाळ्या, विटा, टोपीवाले, बुटकी माणसं, सगळं त्यांच्या ओळखीचं निघालं. आवाज नसतो, स्पर्श नसतो.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे मी शिकवते त्याच काळात नोंदलेलं आहे. अठराव्या शतकात एका निसर्गाच्या अभ्यासकाच्या आजोबांची दृष्टी अधू झाली आणि त्यांना माणसं, गाड्या, इमारती दिसायला लागल्या. आजोबा शाबूत होते, आपल्याला दिसतंय ते नाही हे त्यांना ठाऊक होतं. नातवानं ते सगळं लिहून ठेवलं. मी ते कधीतरी वाचलं होतं आणि तळटीप म्हणून विसरले होते.

तुम्ही गळतीची जागा विचारलीत. तर पाद्रीबुवांनी एक कसोटी दिली आहे. कल्पनेतलं आपल्या मर्जीनं येतं, फिकट असतं, विस्कळीत असतं. खरं असतं ते न बोलावता येतं, ठसठशीत असतं, आणि मागच्यापुढच्याशी जुळतं. मेणवाल्यानंही शेवटी तेच म्हटलं, स्वप्न आणि जाग यांतला फरक एवढाच की जागेपणीचं बाकीच्या आयुष्याला सांधा लागून येतं. ही कसोटी तुमच्याकडे चालते का बघा.

आणि मुलांना सांगा. आण घातलीत म्हणून मी सांगत नाही, पण तुम्ही सांगा. आजच.

धाकटी


२६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

सांगितलं. चिरंजीव इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं तोही त्यांच्यातलाच. मग सूनबाई रडायला लागली. म्हणाली, ''बाबा, आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला विसरत चाललात.'' तरी डोक्याच्या डॉक्टरकडे नेलंच. त्यानं वजाबाक्या करायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं. मी कडेकडेनं बघत काटेसुद्धा बरोबर काढले. म्हणाला, डोकं उत्तम आहे, घरी न्या.

आता कुणी आलं तर मी सूनबाईला सांगतो, ''दारात तिघे उभे आहेत गं.'' ती म्हणते, ''बसवा त्यांना, चहा टाकते.'' घरात हसू आलंय.

पाद्रीबुवांची कसोटी चालली नाही. पार उलटी आहे. हे लोक ठसठशीत असतात आणि न बोलावता येतात. बटणावरच्या नक्षीची रेघन् रेघ दिसते मला! आणि खरा माणूस समोर आला तर धूसर डाग. म्हणून मी माझी कसोटी बसवली: लख्ख दिसेल ते खोटं, मळकट दिसेल ते खरं. एकदाही फसली नाही. तुझ्या वर्गात सांग.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी इतका वेळ घालवला.

मंगळवारी ती आली. तुझी ताई.

दुपार होती, घरात मी एकटा. खाली रस्त्याचं खोदकाम चाललंय, यंत्राचा आवाज असा की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत कोणीतरी आहे असं वाटलं. माझी सवय अशी झाली आहे की काही नीट बघायचं तर तोंड दुसरीकडे करायचं, म्हणजे डोळ्याच्या कडेत येतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ती दिसली. तेच कपाळ. कानाजवळ तसेच पांढरे झालेले केस. हात तसेच एकावर एक. टोपीवाल्यांसारखी झगझगीत नव्हती, जरा मळकट, जरा पुसट. म्हटलं बरोबर आहे, हिला कधी भपका आवडला नाही. गंमत म्हणजे मांडीवर हेल्मेट होतं! आयुष्यात कधी सायकलला हात लावला नाही तिनं.

बोललो नाही. बोललं तर जाईल अशी भीती. नुसता बघत राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मग वाटलं, आता ही जाणार. सगळेच जातात. ती जाताना मला बघायची नव्हती. एकदा बघितलंय तेवढं पुरे. म्हणून आपणच डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी.

खरी नव्हती हे मला कळतं. मला शिकवू नकोस. पण चार दिवस झाले, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. तुझ्या तत्त्ववेत्त्यांना विचार, नसलेल्या वस्तूनं माणूस एवढा बरा होतो का?

भावजी


३ मार्च

भावजी,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. घसा धरलाय आणि परीक्षांचे पेपर पडलेत. सविस्तर मागाहून लिहिते.

धाकटी


२१ मार्च

भावजी,

घसा धरला नव्हता, पेपरही तपासून झाले होते. मला लिहिता येत नव्हतं. आजही येत नाहीये, पण याहून उशीर केला तर मी तुमचीही अपराधी आणि आणखी एका जिवाचीही.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या रविवारी थोरली माझ्याकडे आली होती. स्कूटर दारात लावली, आत आली, हेल्मेट सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, ''मावशी, मी बाबांकडे जाऊन आले. संपलं ते. पुन्हा जायची नाही.''

मी विचारलं, ''भांडलात?''

''भांडले असते तरी चाललं असतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले, खुर्चीत बसले. ठरवून गेले होते की आधी त्यांनी हाक मारायची, मग मी बोलायचं. त्यांनी मला बघितलं आणि सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच बसून राहिले. रडत होते मावशी, पण शब्द नाही. मी थांबले. वाटलं, आता बोलतील. शेवटी त्यांनी डोळेच मिटून घेतले. जा म्हणण्याची ती काय रीत झाली?''

मी तिला तुमच्या डोळ्यांबद्दल काही सांगितलं नाही. तुम्ही आण घातली होतीत, आणि मला तरी तेव्हा दोन गोष्टींचा संबंध कुठे लागला होता? तो लागला दोन दिवसांनी, तुमच्या पत्रातल्या हेल्मेटशी. आधी मी हसले. मग पत्र हातातून खाली ठेवलं.

मग इतके दिवस मी काय केलं? तुमचं ते पान रोज काढून वाचलं. माझीही ताई होती ती. तिच्यामागे माझं माहेर म्हणून कुणी उरलं नाही. कुठल्याशा खोलीत, कुणाच्या तरी डोळ्याच्या कडेला, ती पुन्हा एकदा हात एकावर एक ठेवून बसली, हे मला खरं हवं होतं. वर्गात उभी राहून मी शिकवते की वस्तू एक आणि आपल्याला झालेला तिचा भास एक, यांत गल्लत करू नका. आणि घरी येऊन तीच गल्लत उराशी धरून बसले.

पण भावजी, कसोटी तुम्हीच बसवली आहे. लख्ख ते खोटं, मळकट ते खरं. तुमच्याच नियमानं ती खुर्चीतली बाई खरी होती. तुम्ही या एकाच वेळी नियम बाजूला ठेवलात, कारण तुम्हाला कोण हवं होतं ते आधीच ठरलेलं होतं. तुमच्या डोळ्यांनी चूक केली नाही. जेवढं उरलंय तेवढ्यानं त्यांनी बरोबर दाखवलं. नाव आपण चुकीचं दिलं.

थोरली आता पन्नाशीला आली आहे. तुम्ही तिला सहा वर्षांत बघितलेलं नाही. ती थेट ताईसारखी दिसायला लागली आहे. मलाही दार उघडताना दचकायला होतं.

तुमच्या दोघांत काय झालं ते मी जाणते. ताईनंच दुसरं ऑपरेशन नको म्हटलं आणि तुम्ही तिचं ऐकलंत. थोरली म्हणाली, ''तुम्ही आईकडे कधी बघितलंच नाहीत,'' आणि तुम्ही म्हणालात, ''माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.'' तिनं टाकलं. सहा वर्षांनी का होईना, टाकलं.

तुम्ही परवानगी दिलीत तर मी तिला सांगेन. पण मला वाटतं, हे सांगायचं काम माझं नाही.

तुमच्यावर माया असलेली,
धाकटी


२८ मार्च

पत्र पोचलं.

तुझी ताई दुसऱ्यांदा गेली. या खेपेस तू नेलीस.




१७ एप्रिल

मावशी,

मी सूनबाई. तुम्हाला माझं पत्र बघून नवल वाटेल. तुम्ही बाबांना काय लिहिलंत ते मला माहीत नाही. नेहमी ते तुमची पत्रं भिंगानं वाचतात, अडलं की मला विचारतात. हे एक मात्र हात लावू देत नाहीत.

मधे त्यांनी जेवण अगदी तोडलं होतं. खुर्ची खोलीतून बाहेर काढायला लावली, मग परत आत आणायला लावली. ''कोणी आलंय का?'' विचारलं तर म्हणायचे, ''येऊ देत, जाऊ देत.'' आमचे हे सारखे मलाच विचारायचे की मावशीला फोन करू का. मी म्हटलं थांबा.

काल सकाळी बाबा तयार होऊन बसले होते. दाढी स्वतः केलेली, दोन ठिकाणी कापलेलं. म्हणाले, ''सूनबाई, मला थोरलीकडे सोडशील?'' मी म्हटलं, ''थोरल्या ताईंना कळवते आधी.'' तर म्हणाले, ''नको. तीही न कळवता आली होती.''

मला तर हे माहीतच नव्हतं. कधी आल्या होत्या त्या? आमच्या घरातलं आम्हालाच शेवटी कळतं. मी रजा टाकली आहे, उद्या त्यांना घेऊन निघतेय. काही कमीजास्त झालं तर कळवीन. तुम्ही तुमच्या देवाला सांगून ठेवा. असला तर.

तुमची,
सूनबाई


५ मे

मास्तरीणबाई,

अक्षर थोरलीचं, शब्द माझे. तिला बजावलंय, सांगतो तेवढंच लिहायचं. (लिहितेय मावशी. थोरली.)

मागचं माझं पत्र फाडून टाक. तुझा राग आला होता आणि राग करायला माझ्याकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं. तू दहा ओळी कमी लिहिल्या असत्यास तर मी सुखात राहिलो असतो, असं वाटायचं. सकाळी उठलं की वाटायचं, संध्याकाळपर्यंत वाटायचं. मग एक दिवस उलटं वाटलं, की आपण इथे एका नसलेल्या बाईसाठी खुर्ची झाडतोय आणि असलेली पोर डोळे पुसत जिना उतरून गेली.

सूनबाईनं मला दारापर्यंत आणलं आणि ती जिन्यात थांबली. घंटी मी वाजवली. दार उघडलं. समोर धुकं. ती दिसावी म्हणून मी सवयीनं तोंड बाजूला केलं.

(मी दार लावणारच होते, मावशी. म्हटलं, तोंड फिरवायला इथवर आले का?)

मी म्हणालो, ''थांब. मला समोरचं दिसत नाही. तुला बघायचं तर मला भिंतीकडे बघावं लागतं.'' मग म्हणालो, ''काहीतरी बोल बाई. न बोलणारी माणसं माझ्याकडे फार येतात.''

ती म्हणाली, ''काय बोलू?''

तेवढं पुरलं. आवाज तुझ्या ताईचा नव्हता. आवाज तिचा स्वतःचा होता, लहानपणी सर्दी झाल्यावर यायचा तसा.

आत नेऊन बसवलं. मी तिला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, टोपीवाल्यांचं, आणि त्या मंगळवारचं. म्हणालो, ''मला तुझी आई हवी होती, म्हणून मी तुला ती करून टाकलं. तू माझ्यासमोर बसली होतीस आणि मी तुला बघितलंच नाही.'' त्यावर ही बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं, पुन्हा गेली. हात पुढे केला तर गुडघा लागला. घट्ट, भरीव. तुझ्या त्या कोमट पाण्यावाल्या डॉक्टरचं म्हणणं मला एकदम पटलं.

मग तिनं विचारलं. (हे मी लिहिते मावशी, बाबांना सांगता येत नाहीये. मी विचारलं, ''त्या दिवशी आई समजून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होतात, तसं तुम्ही आईकडे बघायचात?'' म्हणाले, ''हो. तिचं लक्ष नसलं की.'' मावशी, मी मुलगी आहे त्यांची, पण माझ्याकडे आजवर तसं कुणी बघितलेलं नाही. मला कसं कळणार होतं? आम्ही घरात असलो की बाबा नकाशे, नळ, वर्तमानपत्र. मी त्यांना काय बोलले होते ते तुला ठाऊक आहे. ते मी त्यांच्यासमोर मागे घेतलं. ते म्हणाले, ''राहू दे, तुला दिसलं तेवढं तू बोललीस.'')

झालं का तुझं? पुढे लिही.

इथे महिनाभर राहणार आहे. कालपासून आमचं भांडण चालू आहे. ही स्कूटरवरून मला मागे बसवून न्यायचं म्हणते, मी म्हणतो माझं वय बघ. ती म्हणते, तुम्हाला पुढचं दिसत नाही तेच बरं, घाबरणार नाही. अशी उद्धट मुलगी कुणाच्या घरात असेल?

टोपीवाले इथेही आले. नवीन जागा त्यांना लगेच सापडली. काल सकाळी पाच जण हिच्या गॅलरीत उभे होते. मी हिला सांगितलं तर म्हणाली, ''कुठे?'' आणि जाऊन त्यांच्यामधे उभी राहिली. पाचजण लख्ख, आणि मधे एक मळकट, हात हलवणारी. मी तुला सांगतो, एवढं चांगलं चित्र मी आयुष्यात बघितलं नाही.

आता सुट्टी लागली की तू इकडे ये. येताना तुझ्या वहीतलं त्या पाद्रीबुवांचं घेऊन ये, मला त्यांच्याशी वाद घालायचाय. पुरे करतो. हिला भूक लागली आहे. सांगत नाही, पण मघापासून दोनदा पेन खाली ठेवलंन.

(तिसऱ्यांदा ठेवतेय, मावशी. भूक नाही लागलेली. अक्षर पुसट दिसायला लागलंय.)